बिल्ल्यावरचं नाव

“हे नाव कुणी ठेवलं गं तुझं?” बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरनी शिकायला आलेल्या नव्या मुलीच्या बिल्ल्यावर बोट ठेवत विचारलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे नाव त्यांनी याआधी एकाच बिल्ल्यावर पाहिलं होतं.

“बाबांनी. मी इथेच जन्मले, सिस्टर. जन्मले तेव्हा श्वासच घेत नव्हते म्हणे. वीज गेलेली, मशीन बंद. एका सिस्टरनी चाळीस मिनिटं हातानं रबरी पिशवी दाबून मला हवा दिली. बाबांनी त्यांचा बिल्ला वाचला आणि तेच नाव ठेवलं. पुस्तकात अर्थ काही का असेना, आमच्या घरी त्याचा अर्थ ‘न दमणारी’!”

सिस्टरच्या हातातली चादर तशीच राहिली. ती दुपार त्यांना लख्ख आठवली. स्वतःचा एप्रन रक्तानं भरला म्हणून त्यांनी मैत्रिणीचा खुंटीवरचा एप्रन चढवला होता, बिल्ल्यासकट. आणि मैत्रीण? ती खाली चहा पीत बसली होती. कामाचं नाव काढलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. अख्खा वॉर्ड तिला ‘महाराणी’ म्हणायचा. वर्षभरात नोकरी सोडून गेली ती गेलीच.

बाप बिल्ला वाचत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. खरं नाव सांगायला असा कितीसा वेळ लागला असता? पण ड्युटी संपली होती, बस गाठायची होती. पुढे आपल्याला नावानं हाक मारणारं घरात कुणी उरणार नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

“तुम्ही ओळखायचात त्यांना? कशा होत्या हो?”

शब्द अगदी ओठांवर आले. पण ते बोलून हिच्या नावात उरणार काय? एक आळशी बाई आणि चहाचा कप. सिस्टरनी चादर पलंगावर टाकली.

“चांगली होती. हसरी.”

“आणि खरंच दमायच्या नाहीत?”

“मी तरी तिला कधी दमलेलं पाहिलं नाही.”

मुलीचा चेहरा फुलला. तिचा बिल्ला तिरका बसला होता. सिस्टरनी पिन काढून तो सरळ लावला.

“एक लक्षात ठेव. वेळ पडली तर एप्रन कुणाचाही घाल, बिल्ला मात्र आपलाच लाव.”

“का हो?”

“असंच,” सिस्टर म्हणाल्या आणि चादरीचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.