शेवंतीच्या लेकीच्या पायातला सूर्य

शहाऐंशीच्या मे महिन्यात वाकोल्याच्या आमच्या चाळीत, शेवंतीच्या खोलीपुढे जत्रा भरली. आत किरणमहाराज तिच्या तीन वर्षांच्या लेकीच्या, प्रेमाच्या, मुडदुसाने वाकलेल्या पायांना मलम चोळत होते. दारं-खिडक्या बंद, वर जांभळट उजेडाची एक विजेची नळी. पाय निळेपांढरे उजळले आणि बाया हात जोडून रडायलाच लागल्या.

"दवाखान्यातलं ड जीवनसत्त्व मेलेलं!" महाराज गरजले. "माझ्या मलमात त्याचं जिवंत बीज! बघा, हाडात सूर्य उतरला. चाळीस दिवस बाहेरचं ऊन लागू देऊ नका, बीज करपेल. आणि दर्शनाला पांढरं घालून यायचं नाही!"

मी पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. चाळीत आलेला हा पाचवा महाराज. खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. घरी जाऊन पडावं असं वाटत होतं. पण पोरीच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं होतं आणि ती मुसमुसत होती, म्हणून आतच थांबलो.

"शेवंती, डॉक्टरांचं औषध?"

"बंद केलंय, मास्तरांनू. उजेड डोळ्यांनी बघलंय मी!"

पांढऱ्याला मनाई का, हे डोक्यात घोळत होतं. मी तपकिरी सदऱ्याची बटणं सोडली. आतला पांढरा गंजीफ्रॉक लखलखला.

"माझ्याही हाडात उतरला का हो सूर्य?" मी विचारलं. "हा कालच धुण्याच्या पावडरीने धुतलाय. कपडे उजळ दिसावेत म्हणून तिच्यात जे घालतात, ते या नळीखाली चमकतं."

शेजारच्या लवूने घरची पावडर आणली, खोबरेल तेलात कालवून हाताला फासली. हातही तस्साच उजळला.

"आयला, वाट लागली महाराजांची!" लवू ओरडला. महाराज 'नास्तिक, नास्तिक' करत नळी काढू लागले.

हसू थांबल्यावर शेवंतीने प्रेमाला जवळ घेत विचारलं, "मग माझा चेडू चलतला कसा?"

"मलम आधी धुऊन काढ, त्यातल्या पावडरीनेच पुरळ उठलंय. औषध आजच सुरू कर. आणि ते बीज तिच्या कातडीत जन्मापासून आहे गं. ऊन लागलं की त्याचंच ड जीवनसत्त्व होतं."

"लोक पाय बघतात म्हणून मी तिला बाहेर काढूचंय नाय," ती हळूच म्हणाली.

सहावा महाराज येईलच. तो कशाला मनाई करतो ते नीट ऐका आणि 'का?' एवढं विचारा. बाकी मला आता बोलवत नाही.

गॅलरीत उन्हाची जागा एकच, तिथे शेवंतीची कोकमं वाळत होती. तिने सूप उचलून आत नेलं आणि त्या जागी, सगळ्यांदेखत, प्रेमाला पाय उघडे करून बसवलं.