चिऊच्या एका दाताची कवळी

सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच, की मी फार सरळ होते.

मी एका दाताची कवळी. हसू नका, एका दाताचीही कवळी असते. गुलाबी टाळू, दोन बारीक तारा आणि पुढे एकुलता एक दुधाचा दात, एवढाच माझा संसार. जीव एवढासा, त्यातून स्वभाव घाबरट. शेजारी कुणी पेला आपटला तरी मी जागच्या जागी उडते. तरी आज धीर करून बोलते आहे.

माझा जन्म धारचा. पंधरा वर्षांपूर्वी तिथे एका हिंदी पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. त्यात काम करणारी सात वर्षांची मुलगी देवासची. नाव देवश्री, पण घरचे सगळे तिला चिऊ म्हणत. दिग्दर्शक उमाशंकरजींना ते इतकं आवडलं की पिक्चरमधल्या मुलीलाही त्यांनी चिऊच करून टाकलं. पुढे लोक दोघींना एकच समजू लागले त्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हेच, पण तेव्हा ते कुणाला कळणार?

एका दुपारी चिऊ धावत दारातून आत येते इथपर्यंतचा प्रसंग झाला आणि जेवणाची सुट्टी झाली. चिऊने भुट्टा खायला घेतला. आठवडाभर हलणारा तिचा समोरचा दात त्या भुट्ट्यातच राहिला. आता पंचाईत अशी, की दारातून आत आली ती दातवाली आणि खोलीत पोचणार ती बोळकी. चिऊ मात्र हातातला दात सगळ्यांना दाखवत फिरत होती.

मग धारचे दातांचे डॉक्टर प्रतापराव धावून आले. त्यांनी चिऊच्या तोंडात लगदा कोंबून माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मी जन्माला आले. मला बसवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दचकून खाली पडता पडता राहिले.

चिऊने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हा तो नाहीये. माझा दात पडायच्या आधी तिरका होऊन पुढे आला होता. हा तर प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा उभा आहे."

मोठी माणसं हसली. एकटी अल्पना हसली नाही. अल्पना म्हणजे वही घेऊन बसणारी मुलगी. मघाच्या शॉटमध्ये कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, पेला कुठल्या हातात होता, हे टिपून ठेवायचं आणि पुढच्या शॉटशी जुळवून द्यायचं, हे तिचं काम. पिक्चरवाले त्याला कंटिन्युइटी म्हणतात. तिने आदल्या दिवशीचा फोटो काढून पाहिला. दात खरंच तिरका होता.

प्रतापराव कुरकुरले, "जन्मभर लोकांचे वाकडे दात सरळ केले. आता सरळ केलेला वाकडा करू?" पण केला बिचाऱ्यांनी. मी तिरकी झाले आणि त्या दिवसापासून मला स्वतःबद्दल जरा बरं वाटू लागलं.

माझ्यामुळे चिऊचा 'स' शिट्टीसारखा वाजायचा. "सच बोलूँ क्या?" हे तिचं पिक्चरमधलं वाक्य त्या शिट्टीसकट गावोगाव पोचलं. देवासला पोह्यांच्या ठेल्यावर लोक तिला घेरायचे. "भिया, ये तो वोई हे, दाँत वाली चिऊ. बोल के बता ना." ती बोलून दाखवायची, ते खूश व्हायचे, वर एक जलेबी मिळायची. मला वाटायचं, आपलं आयुष्य आता असंच जाणार.

पण खरा दात आला. रुंद, धट्टाकट्टा, करवतीच्या कडांचा. मी तिच्या आईच्या जुन्या करंड्यात गेले. आई म्हणजे चारुलताबाई, टाकून द्यायचा स्वभाव नाही. कुंकवाच्या वासात मी वर्षं काढली. करंडा उघडला की दिसायचं, चिऊची वेणी लांब झाली, चिऊ आईच्या खांद्याला लागली, चिऊ कॉलेजात गेली.

काम मात्र तिच्याबरोबर मोठं झालं नाही. बारा वर्षांच्या मुलीला लहान मुलीचं काम कोण देणार? सतराव्या वर्षी मोठीचं द्यायलाही कुणी तयार नव्हतं. ती मोबाईलवर चाचणीचे व्हिडिओ करून पाठवायची. कुणी लिहायचं, चेहरा ओळखीचा वाटतो, अडचण होईल. कुणी म्हणायचं, पहिल्यासारखी गोड नाही राहिली. एकाने तर कळवलं की काम नाही, पण ते शिट्टीवालं वाक्य माझ्या मुलासाठी पाठवता का? तिने पाठवलं. माणसांचं मला नवल वाटतं. कुणी लहानपणी पाहिलेलं भेटलं की त्याला त्याच्या लहानपणातच कोंडून ठेवतात आणि वर म्हणतात, किती मोठी झालीस गं.

आणि मग गेल्या आठवड्यात धारहून बोलावणं आलं. त्याच पिक्चरवरून आता मालिका निघत होती, मोबाईलवर बघतात तसली. जुन्या चिऊने एका प्रसंगात दोन वेण्या घालून यायचं, ते वाक्य म्हणायचं आणि हसायचं. दात घेऊन या, असा निरोप होता.

काल मी करंड्यासकट पर्समध्ये बसून देवास-इंदूर-धार असा प्रवास केला. बसच्या प्रत्येक ब्रेकला वाटलं, आता गेले. सेटवर मला धुतलं आणि बावीस वर्षांच्या तोंडात घालायचा प्रयत्न झाला. बसते कसली? माझी तार तिच्या हिरडीला टोचली. नवे दिग्दर्शक म्हणाले, "दाँत रहने दो, चोटी से चल जाएगा." वेण्यांवर भागलं. वाक्य झालं, टाळ्या झाल्या. सगळे हसत होते, तिचं हसू मात्र चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं दिसत होतं.

पण संध्याकाळपर्यंत ती घरी गेली नाही. दिवसभर अल्पनाच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. अल्पना आता मोठी झाली होती, चष्मा लागला होता, वही मात्र तशीच. शेवटी देवश्रीने विचारलं, "ताई, मला हाताखाली घ्याल?"

अल्पनाने चष्म्यावरून पाहिलं. "ॲक्टर लोक चार दिवसांत कंटाळतात. इथे तुझ्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही."

"तेच तर हवंय. मला बघायचं आहे."

अल्पना म्हणाली, विचार करते. पुढचं शूटिंग सोमवारी मुंबईत सुरू होतं, हाताखालची मुलगी सोडून गेली होती, तेव्हा काय ते दोन दिवसांत कळवीन. एवढ्या शब्दांवर देवश्री धार ते देवास जवळजवळ तरंगत आली.

आज सकाळी ती आईला सेटवरचे फोटो दाखवत होती. मालिकेतलं घर मराठी, नवी सून गृहप्रवेश करते असा प्रसंग. एक फोटो जेवणाआधीचा, एक नंतरचा. दाखवता दाखवता तिचं बोट थांबलं. तिने फोटो मोठा केला.

"आई, हिच्या मंगळसूत्राच्या वाट्या बघ. इथे उलट्या आहेत. आणि इथे सुलट्या."

आईने चष्मा लावला. "सकाळच्या बरोबर आहेत. नवी नवरी सोळा दिवस उलट्याच घालते, मग सुलट्या करतात. आणि दुपारपर्यंत हिचे सोळा दिवस झाले?"

झालं असं असणार, की कपडे सांभाळणाऱ्या कुणा भल्या पोरीला वाटलं, मंगळसूत्र पलटलंय. तिने मायेने ते नीट केलं. आणि दुपारचा शॉट तर नेमका गळ्याजवळचा होता, सून वाकून नमस्कार करते तो. अल्पनाची नजर तिखट, पण वाट्यांची उलटसुलट तिच्या गावीही नसेल.

देवश्रीने फोन उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला. तिची अडचण मला कळत होती, कारण मीही भित्री. चूक कुणा पोरीच्या हातून झाली असली तरी ती पकडायचं काम जिच्याकडे नोकरी मागितली त्या अल्पनाचंच होतं.

आई हळूच म्हणालीही, "अगं, कालच तर तिच्यासमोर हात पसरलेस. आज तिचीच चूक काढणार? दोन दिवस थांब. आधी होकार येऊ दे."

"तोवर शूटिंगचं घर रिकामं करतील, आई. दागिने परत जातील. मग कळून काय उपयोग?"

"आणि तिला राग आला तर?"

"येऊ दे."

तिने दोन्ही फोटो पाठवले, खाली चार ओळी लिहिल्या, आणि फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर लागलाच नाही. शूटिंगची सगळी मंडळी दहा वाजता मुंबईला जायला धार सोडणार होती आणि घड्याळात साडेदहा झाले होते. आई पोळ्या लाटता लाटता सारखी दाराशी येऊन बघत होती. बाबा म्हणाले, घाटात रेंज जाते, थोडं थांबून लाव. ती थांबेना. खोलीत येरझारा घालत राहिली.

मी टेबलावर करंड्यात पडून आहे. माझं म्हणाल तर माझं काम कधीच संपलं. ज्या तोंडासाठी मी घडले ते तोंडच आता जगात नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. मला परत घालू नका, फोटोत धरू नका, वाटलं तर करंड्यात पुन्हा कुंकू भरा. एवढंच मागते, की या मुलीला ती आज जिथे उभी आहे तिथे भेटा. ती सात वर्षांची नाही.

बारा वाजत आले तेव्हा तिने आठव्यांदा फोन लावला. एक रिंग. दोन. तीन. मी डोळे नसताना डोळे मिटून घेतले.

पलीकडे ट्रकचे हॉर्न ऐकू आले, कुणीतरी चहा मागत होतं, आणि त्यातून अल्पनाचा आवाज आला.

"हां, देवश्री. फोटो बघितले. धामनोदच्या ढाब्यावर गाड्या थांबवल्यात, तो शॉट पुन्हा घ्यायला परत धारला वळतोय. आता मला सांग, अजून काय काय दिसलं तुला?"