मी बसवलेले पट्टे

गाडीच्या सीटला रेसिंगचे लाल पट्टे बसवून द्या म्हणणारी एकदोन पोरं दर महिन्याला माझ्याकडे येतात आणि मी त्यांना आल्या पावली परत पाठवतो. त्यांना पट्टे हवे असतात ते फोटोपुरते. सीटच्या मागे खाली गाडीच्या जमिनीला कुठंतरी एक बोल्ट मारायचा, त्यात खांद्यावरचे पट्टे अडकवायचे आणि चामुंडीच्या टेकडीच्या रस्त्यावर गाडी पळवायची. असा खाली ओढलेला पट्टा धडक बसली की माणसाला धरून ठेवत नाही, वरून दाबतो आणि पाठीचा कणा मोडतो. हे मी सांगायला लागलो की पोरं एकमेकांकडे बघून हसतात आणि दुसरं दुकान शोधतात. शोधू देत. नजरबादेत अडतीस वर्षं मी कुशन वर्क्स चालवतोय, मोटारींच्या सीटा शिवतोय, बसवतोय. अंबाजीरावांनी केलेलं काम पुन्हा तपासावं लागत नाही असं गिऱ्हाईकं सांगतात. माझ्या तोंडून ही फुशारकी वाटेल. वाटू दे.

पण पट्टे घेऊन माझी स्वतःची मुलगीच दारात उभी राहिली, तेव्हा परत पाठवायची सोय उरली नाही.

विद्याश्री सत्तावीस वर्षांची आहे आणि इथल्याच हेब्बाळच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. दोन वर्षं ती दर महिन्याला कोइमतूरला ‘ट्रेनिंग’ला जात होती. आम्ही समजत होतो कंपनीचं ट्रेनिंग. मग एके दिवशी ती एक जुनी, दोन सीटची, लाल स्पोर्ट्स कार घेऊन आली आणि सगळा उलगडा झाला: ट्रेनिंग रेसिंगचं होतं. माझी बायको तुळसी त्या दिवशी जेवली नाही.

“अप्पा, दीड महिन्यानं कोइमतूरला माझी पहिली रेस आहे,” विद्याश्री म्हणाली. “पट्टे तुम्हीच बसवायचे.”

“आणि मी बेडा, नको म्हटलं तर?”

“सरी, ठीक आहे. बेंगळूरला नेते. तिथं बसवतील कोणीतरी, कसे तरी.”

‘कसे तरी’ हे ती मुद्दाम म्हणाली. माझी नस कुठं दाबायची ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे. मी पट्ट्यांचं खोकं ओढून घेतलं.

चार रविवार आम्ही दोघं त्या गाडीत वाकून काम करत होतो. पिरियापट्टणच्या एका तंबाखूवाल्याच्या जीपची सीट कोपऱ्यात तशीच पडून राहिली, त्याचे रोज फोन यायचे, मी उचलायचोच नाही. एकूण सहा पट्टे होते. दोन खांद्यांवरून येणारे, दोन कमरेचे, दोन मांड्यांमधून वर येणारे. सगळे पोटावर एकाच बकलात अडकतात आणि बकल फिरवलं की एकदम सुटतात. सीटच्या मागे मी आडवी लोखंडी नळी वेल्डिंग करून घेतली, म्हणजे खांद्यांचे पट्टे सरळ मागे जातील, खाली ओढणार नाहीत. बोल्ट जिथं जमिनीत जातात तिथं खालून जाड पत्रा लावला, नाहीतर धडकेत बोल्ट गाडीच्या पातळ पत्र्यासकट उपटून येतो. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खालच्या हाडावर बसला पाहिजे. त्यासाठी ती सीटमध्ये बसायची आणि मी बाहेरून पट्टे ओढायचो.

“श्वास सोड. पूर्ण सोड.”

“अय्यो अप्पा, आणखी किती?”

“तुझं बोट आत जातंय. जायला नको.”

खोटं कशाला बोलू, त्या चार रविवारांसारखं सुख मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. मुलगी मोठी झाली की बापाशी बोलायला तिच्याकडे विषय उरत नाहीत. इथं विषयच विषय होते. कोन किती अंशांचा, पट्टा कुठल्या कडेला घासतोय, कडेला रबर लावायचं की कड घासून गोल करायची. नियमांचं पुस्तक ती इंग्रजीतून वाचायची आणि मला मराठी-कन्नडात सांगायची. त्यातच तिनं सांगितलं, “हे बघा, प्रत्येक पट्ट्यावर हे लेबल शिवलेलं असतं. कंपनीचा नंबर आणि कुठल्या वर्षापर्यंत चालतो ते. रेसच्या आदल्या दिवशी तपासणी असते. लेबल नसलं तर पट्टा कितीही चांगला असू दे, गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत.”

“कायकू? पट्टा तोच की.”

“नियम, अप्पा. पट्टा नवा की जुना, खरा की खोटा, त्यांना डोळ्यांनी कसं कळणार? लेबलावर विश्वास ठेवतात.”

मी मान डोलावली. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो.

मनात आलं ते शेवटच्या आठवड्यात. तुळसी दुपारी डबा घेऊन दुकानात आली, गाडीपाशी उभी राहिली, त्या पट्ट्यांना हात लावून बघितला. दीड महिना ती रेसबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशीही फार बोलली नाही.

“घट्ट बसवलेत ना, अहो?”

“बसवलेत.”

“इतके घट्ट लागतात म्हणजे काय होत असेल तिथं,” ती म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली.

मी डबा उघडला. अपघात झालेल्या गाड्या गॅरेजात जातात आणि त्यांच्या सीटा माझ्याकडे येतात, हे लोकांना माहीत नसतं. सीट बघितली की माणूस कसा बसला होता, कुठं आदळला, सगळं कळतं. गेल्या वर्षी सरगूरच्या रस्त्यावर उलटलेल्या एका निळ्या गाडीची सीट आली होती. चालवणारी मुलगी विद्याश्रीच्याच वयाची होती. मी ती सीट उसवली, जुना फोम फेकला, नवा भरला, वरून नवं कापड शिवलं आणि गाडी गेली. घरी काही बोललो नाही. पण डबा समोर ठेवून बसलो तेव्हा मला तीच सीट दिसायला लागली. मला भीती वाटली. साठी उलटलेल्या माणसानं डबा तसाच झाकून ठेवावा इतकी भीती वाटली.

आणि मग वाटलं, अरे, मार्ग तर आहे. बोल्ट सैल करायचा नाही, पट्ट्याला नख लावायचं नाही. पट्टे जसेच्या तसे मजबूत राहतील, पोरीला काही होणार नाही, फक्त रेस होणार नाही. खांद्यांच्या पट्ट्यांवरचं लेबल नेमकं मागच्या बाजूला होतं, नळीपाशी. बसल्या जागेवरून तिला ते दिसतही नव्हतं.

शिवण उसवायची बारीक कात्री माझ्या खिशातच असते. डाव्या खांद्याच्या पट्ट्यावरचं लेबल मी टाका टाका करून उसवलं. पट्ट्याचा एक धागा दुखावला नाही. काम इतकं सफाईचं झालं की क्षणभर मलाच कौतुक वाटलं, इतका मी निर्लज्ज. दुसऱ्या पट्ट्याला मात्र हात लागेना. एक पुरे होतं. लेबल मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं, फोमचे तुकडे वर टाकले आणि जीपच्या सीटचं काम काढलं.

शनिवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. चामराजनगर मागे पडलं, घाट उतरलो. तिनं घाटात गाडी इतकी शांतपणे उतरवली की मला शरम वाटली. मी बसमध्ये बसलो की ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडणारा माणूस, पण त्या दिवशी सत्तावीस वळणांत मला एकदाही हातानं कशाला धरावं लागलं नाही. सत्यमंगलला इडली खाताना ती म्हणाली, “रात्री झोपच नाही आली अप्पा. पण भीती नाही वाटत. का माहीत आहे? पट्टे तुम्ही बसवलेत ना, अल्वा.”

मी चटणी मागवली.

तपासणी एका लांब शेडमध्ये होती. गाड्या ओळीत उभ्या, पोरं अंगात रेसिंगचे कपडे घालून, आणि पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा तपासनीस प्रत्येक गाडीत डोकं घालत होता. आमच्या गाडीपाशी तो बराच वेळ थांबला. नळी हलवून बघितली, खांद्यांचे पट्टे सर्व ताकदीनिशी ओढले, जमिनीवर झोपून खालचे पत्रे बघितले. उठून इंग्रजीत विचारलं, “हे कुणी बसवलं?”

“माझ्या वडिलांनी,” विद्याश्री म्हणाली. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली.

“आज बघितलेल्यांत सगळ्यांत चांगलं काम,” तो मला म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. मग टॉर्च काढून लेबलं बघायला लागला. उजवं बघितलं. डावीकडे गेला. पट्टा उलटा केला, सुलटा केला.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. विद्याश्रीनं फोनवरचे फोटो दाखवले. पट्टे आले त्या दिवशी काढलेले, त्यात खांद्यांच्या पट्ट्यांची दोन्ही लेबलं स्वच्छ दिसत होती. तपासनीसाला वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण फोटोला लेबल म्हणता येत नाही, असं तो म्हणाला. चारपर्यंत दुसरे पट्टे आणले तर बघतो, म्हणाला. शनिवारी दुपारी परक्या गावात ते कुठून आणणार होतो?

तो पुढच्या गाडीकडे गेला. विद्याश्री रडली नाही. डोकं लढवायला लागली.

“पडलेलं नाही अप्पा, कोणीतरी उसवलंय. टाक्यांची भोकं बघा, किती स्वच्छ आहेत. दुकानात कोण आलं होतं?” मग ती एकदम थांबली. “अम्मा आली होती. गुरुवारी डबा घेऊन आली होती, अल्वा? तिला शिवण उसवता येते.” तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. तिनं फोन कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत होती, मलाही ऐकू येत होती.

“ठेव तो,” मी म्हणालो. “मी उसवलं.”

तिनं फोन खाली घेतला. आतून तुळसीचा आवाज आला, “विद्या? पोचलात का ग?” विद्याश्रीनं बटण दाबून तो बंद केला.

मी सगळं सांगितलं. निळ्या गाडीची सीट, डबा, कात्री. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती, चार लोकांत माझी अब्रू काढली असती, तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. चूक माझी होती आणि मला त्या चुकीची लाज वाटत होती. पण ती नुसती ऐकत राहिली. बोलून झालं तेव्हा तिनं विचारलं, “आणखी काय केलंत?”

“म्हणजे?”

“पट्ट्यांना. बोल्टना. आणखी काय केलंत, अप्पा?”

“काही नाही ग. तुझी शपथ. बाकी सगळं ठीक आहे, घट्ट आहे.”

“मला कसं कळणार?”

हे ती रागानं म्हणाली नाही. नवं गिऱ्हाईक अनोळखी दुकानदाराला विचारतं तसं विचारलं. मग गाडीतली हत्यारांची पेटी काढली, पाना घेतला आणि गुडघे टेकून दारातून आत वाकली. डाव्या कमरेच्या बोल्टपासून सुरुवात केली. पाना लावायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा, हलतोय का बघायचं, मग पुढचा. मी टॉर्च धरू का म्हणून विचारलं. तिनं फोनचा टॉर्च लावून तो सीटवर उभा केला.

एकही बोल्ट हलला नाही. सहा झाले तेव्हा तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.