गल्लीत कुणीच येत नाही

सून पदवीच्या पुढचं शिकत होती, याबद्दल सासूबाईंची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शिकण्याच्या तऱ्हेबद्दल. प्रादेशिक विकासाचं नियोजन म्हणे! पुस्तकात डोकं घालायचं सोडून ही गल्लीतल्या दुकानादुकानांत शिरून विचारत होती, गिऱ्हाईक कुठून येतं, कशानं येतं, किती वेळ लागतो.

"हे कुणाला हवंय?" शिलाई मशीनवरून मान न उचलता सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या प्रबंधाला, आई. पण अहवाल पालिकेलाही जाणार."

सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पंचवीस वर्षं दुकान चालवलं, पालिकेनं कधी ख्यालीखुशाली विचारली नाही. आत्ताच बरा पुळका आला! त्याच दुपारी त्यांनी कुलूपवाल्याला गाठलं.

"विचारलं तर सांगायचं, गल्लीतलीच चार माणसं येतात."

"मावशी, माझी निम्मी गिऱ्हाइकं नदीपलीकडची!"

"मग मिरवा! धंदा दिसला की कर वाढतो, एवढी अक्कल नाही?"

"अहो, पण तुमचीच सून ना ती?"

"म्हणून तर ओळखून आहे."

तिथून त्या चष्मेवाल्याकडे गेल्या, मग पुढे. मावशींच्या तोंडाला कोण लागणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या आठवड्यात सुनेनं कापडं बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला. प्रत्येक बाजाराकडे लांबून रेघा आल्या होत्या. एकच ठिपका बोडका होता.

"ही आपली गल्ली," सून म्हणाली. "बाहेरून इथे कुणीच येत नाही, असं फॉर्म सांगतात. म्हणजे नदीपलीकडची बस इथे थांबायची गरज नाही. ती कुठे थांबवायची, एवढंच पालिकेला ठरवायचं होतं. सोमवारी अहवाल द्यायचाय."

सासूबाईंची कात्री कापडातच थांबली. बस थांबली नाही, तर दुकानात माशा मारत बसायचं. की ही मुद्दाम घाबरवतेय? त्यांनी सुनेचा चेहरा नीट न्याहाळला. तिथे काहीच सापडेना.

"मला तर वेगळाच संशय येतोय," सून म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात मी स्वतः गर्दी पाहिलीय. तरी फॉर्मवर चारच माणसं. कुलूपवाल्याकडेही चार. सगळीकडे चारच कशी?"

"मला काय विचारतेस?" सासूबाईंनी चपला घातल्या. "चल, माझ्यासमोर पुन्हा विचार. कोण खोटं बोलतं ते बघू."

कुलूपवाल्यानं सुनेच्या फॉर्मकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंकडे बघत म्हणाला, "मावशी, आज किती सांगायची?"

सुनेचं पेन थबकलं. सासूबाईंचे कान तापले, पण मान ताठच राहिली.

"बघतेस काय अशी? मीच पढवलं होतं." मग कुलूपवाल्याकडे वळून त्या म्हणाल्या, "खरी सांगा आता. आणि त्या चष्मेवाल्याला हाक मारा."

सून लिहू लागली. सासूबाई तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर जुळवत फॉर्म वाचू लागल्या.

"यातला एक कागद जरी करवाल्यांकडे गेला ना," त्या म्हणाल्या, "तर गाठ माझ्याशी आहे."