नशीब म्हणू नका

“काय म्हणतोय तो?” यादवरावांनी मुलाला विचारलं.

स्मशानातल्या छोट्या हॉलबाहेर तो जर्मन माणूस टोपी हातात धरून उभा होता. वयस्कर, डोळे रडून सुजलेले. त्यांची सून हर्षा सायकलवरून सरळ चालली होती आणि त्याचा ट्रक उजवीकडे वळताना तिच्यावर गेला होता.

“शिक्झाल म्हणतोय, बाबा. नशीब होतं म्हणे. त्याला ती दिसलीच नाही.” यशपालचा आवाज कोरडा होता.

“नशीब?” यादवराव उसळले. “त्याला सांग, आरशात नीट बघितलं असतंस, तर माझी सून आज जिवंत असती. नशिबाच्या माथी कशाला मारतोस?”

यशपालने ते सांगितलं नाही. त्या माणसाचा हात त्याने क्षणभर हातात घेतला आणि सोडला.

यादवराव नांदेडचे निवृत्त शिक्षक. ‘नशीब’ हा शब्द त्यांनी घरात कधी शिरू दिला नव्हता. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं ते याच शब्दानं, असं ते वर्गात सांगत. यशपालच्या लग्नात शेजाऱ्यांनी पत्रिकांचं विचारलं, तेव्हा म्हणाले होते, “पत्रिका कसल्या? दोघांच्या मार्कशीट बघा.” पोरगा इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर झाला, तेही स्वतःच्या अकलेवर.

घरी आल्यावर यशपाल कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. त्याची आठ वर्षांची मुलगी धम्मदीपा शेजाऱ्यांकडे होती. यादवरावांनी चहा पुढे ठेवला.

“घे. त्या ड्रायव्हरला शिक्षा होईल.”

“होईल. पण बाबा, सायकल तिला मी शिकवली.”

यादवराव खुर्ची ओढून शेजारी बसले.

“तिला नको होती. मी बसनंच जाते म्हणायची. मीच म्हटलं, इथे सत्तरीच्या आज्या चालवतात, तुला कसली भीती? आणि त्या दिवशी म्हणाली, भुरभुर आहे, गाडीनं सोडतोस का? माझी मीटिंग होती.” तो कपाकडे बघत राहिला. “तुम्हीच शिकवलंत ना, नशीब नसतं, कारण असतं. मग कारण मी.”

यादवरावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

“नशीबच होतं तिचं, बाळा. तू तरी काय करणार?”

यशपालने वर पाहिलं. लहानपणी पडल्यावर बघायचा, तसं.

“तुम्ही नका म्हणू, बाबा,” तो हळूच म्हणाला. “माझ्यासाठी खोटं बोलताय. कळतंय मला.”

यादवरावांनी हात काढून घेतला नाही.

सोमवारी शाळा होती. धम्मदीपाने हेल्मेट चढवलं आणि आपली सायकल बाहेर काढली. तिच्या वर्गातली सगळी मुलं तशीच जात. दारातल्या यशपालला हो म्हणवेना, नको म्हणवेना.

“मी येतो बरोबर,” म्हणत यादवरावांनी बूट घातले आणि तिच्या सायकलचं कॅरिअर घट्ट धरलं.

“लास लोस, आजोबा!” ती वैतागून ओरडली. “सोडा ना!”

तिला चांगली येत होती सायकल. तिने जोरात पेडल मारलं. म्हातारा धापा टाकत मागे धावू लागला, पण त्याने हात काही सोडला नाही.