पुण्याची हवा

नोव्हेंबरच्या मध्यावर धुरक्यामुळे दिल्लीतल्या शाळा पुन्हा बंद झाल्या आणि लुंबिनीचा सहावीचा वर्ग घरातल्या जेवणाच्या टेबलावर भरू लागला. लॅपटॉपसमोर बसून ती खोकायची, तेव्हा पडद्यावरच्या बाई न चुकता म्हणायच्या, "बेटा, माइक म्यूट कर लो." स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या समताचा हात तेवढ्यापुरता थांबायचा. खोकला घशातला की छातीतला, कोरडा की कफाचा, हे तिला भिंतीआडूनही कळे. समता वाहुळे फिजिओथेरपिस्ट होती. करोल बागेतल्या एका क्लिनिकमध्ये ती दहा वर्षं लोकांचे गुडघे, खांदे आणि छात्या मोकळ्या करत आली होती. संध्याकाळी घरी येऊन लेकीला मांडीवर पालथं घालायची आणि पोकळ हाताने तिची पाठ थोपटायची, तेव्हा मात्र तिला आपल्या हातांचा भरवसा वाटेनासा होई.

आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये चौघं राहत. समता, तिचा नवरा प्रफुल्ल, लुंबिनी आणि प्रफुल्लचे वडील शामराव. शामराव हिंगोलीकडून तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, इथेच निवृत्त झाले. मुलगाही सरकारी नोकरीतच लागला, त्यामुळे निवृत्तीनंतर गल्ली बदलली तरी कॉलनी बदलली नाही.

एका रात्री जेवताना प्रफुल्लने विषय काढला. ऑफिसात बदलीचे अर्ज मागवले होते, महिनाअखेरपर्यंत मुदत होती. नागपूर किंवा पुणे. त्याने सगळा अभ्यास करून ठेवला होता. नागपूरचा उन्हाळा बाबांना सोसणार नाही, म्हणून पुणे. तिथे थंडी आहे पण धुरकं नाही. क्वार्टर मिळायला वेळ लागेल, तोवर भाड्याने राहावं लागेल, खर्च वाढेल, पण इथे एअर प्युरिफायर, औषधं आणि डॉक्टर यांच्यावर जातो तो वाचेल. मेट्रोची सोय दिल्लीसारखी नाही, मात्र टेकड्या आहेत, मुलीला बाहेर खेळता येईल. शिवाय आपली भाषा. लुंबिनीचं मराठी अर्धं हिंदी झालंय, तेही सुधारेल.

"आणि दिवाळीत समाधानमामाकडे काय झालं, पाहिलंस ना?" तो म्हणाला.

समताने पाहिलं होतं. तिचा भाऊ समाधान पुण्याजवळ कंपनीच्या वसाहतीत राहत होता. तिथे गेल्यावर चार-पाच दिवसांतच लुंबिनीचा खोकला विरला होता. पोर जिन्यावरून धावत वरखाली करत होती. परतीच्या प्रवासात मथुरा मागे पडलं आणि खोकल्याची पहिली उबळ आली.

"बोल ना काही," प्रफुल्ल म्हणाला.

"विचार करू," एवढंच ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. शामरावांनी मान वर करून सुनेकडे एकदा पाहिलं.

प्रफुल्लला वाटलं, तिला नोकरी सोडवत नाही. त्याने तिची समजूत घातली की फिजिओथेरपिस्टला काम कुठेही मिळतं. त्याचंही खरं होतं. करोल बागेतले पेशंट तिने एकेक करून जोडले होते, ते सोडणं सोपं नव्हतं. पण तिच्या जिभेवर जे येऊन अडत होतं ते दुसरंच होतं.

समताचं कॉलेजशिक्षण पुण्यातच झालं होतं. त्या चार वर्षांत तिने तीन खोल्या बदलल्या. पहिल्या दोन ठिकाणी कारण साधं होतं, मालकांना जात कळली. तिसरी घरमालकीण मात्र मायाळू होती. परीक्षेच्या दिवसांत वाटीभर खीर आणून द्यायची, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या तिने. एकदा ती कपडे द्यायला खोलीत आली आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहत क्षणभर उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा परदेशातून येणार असल्याचं निघालं आणि खोली रिकामी करावी लागली. मुलगा खरंच आला की नाही, हे समताने कधी जाऊन पाहिलं नाही. तिला वाईट वाटलं ते खिरीचं.

हे तिने प्रफुल्लला कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात त्यानेही आपल्या वाट्याचं ऐकलं होतं, कोट्यावरून होणारी कुजबुज त्याला नवी नव्हती. पण घर मागायला दुसऱ्याच्या दारात तो आयुष्यात उभा राहिला नव्हता. सरकारी क्वार्टर पगाराची श्रेणी पाहून मिळतो, आडनाव पाहून नाही. त्याने मांडलेल्या हिशेबात हवा होती, भाडं होतं, शाळा होत्या, आणि जे नव्हतं ते लपवलेलं नव्हतं. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याने एक फ्लॅट शोधून काढला. टेकडीच्या कडेला, दुसरा मजला, शाळा जवळ. मालकीण रुचिरा नावाची तरुण बाई होती, आयटीत काम करणारी, बोलायला मोकळी. तिने व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरून दाखवलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून हिरवं झाड दिसत होतं. लुंबिनी फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "ये वाला मेरा कमरा." रुचिरा हसली, म्हणाली, झाडावर पोपट येतात हं. प्रफुल्लचा चेहरा उजळला होता. समताही नकळत त्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा ते बघू लागली होती.

शेवटी रुचिराने विचारलं, "वाहुळे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"हिंगोलीकडचे," प्रफुल्ल म्हणाला.

"अच्छा. आणि मुलीचं नाव लुंबिनी? वेगळं आहे, छान आहे." ती थोडी थांबली. "आईबाबांशी बोलून उद्या कळवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. आईवडिलांचा विचार बदलला, फ्लॅट सध्या भाड्याने द्यायचा नाही, मनापासून सॉरी. प्रफुल्लने खांदे उडवले आणि दुसरा शोधू म्हणाला. चार दिवसांनी समताने त्याला फोन दाखवला. जाहिरात तशीच होती, त्याच झाडाच्या फोटोसकट.

"काढायची राहिली असेल," तो म्हणाला.

"असेलही."

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

मग तिने सांगितलं. खोल्यांचं, फोटोचं, खिरीचं. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग जरा चिडूनच म्हणाला की त्याला वीस वर्षं होऊन गेली, सगळीकडे तेच दिसायला लागलं तर माणूस जगणार कसा. ती म्हणाली, "रुचिरा खोटं बोलली असं मी म्हणत नाही. ती खरं बोलली का, हे मला कधीच कळणार नाही, आणि तेच मला नको आहे. इथे दूधवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कुणाला आपलं आडनाव वाचता येत नाही. तिथे प्रत्येकाला येतं." आतल्या खोलीत लुंबिनी खोकत होती आणि दोघांनाही आपण काय बोलतोय याची लाज वाटली.

सकाळी चहा द्यायला आलेल्या सुनेला शामरावांनी गॅलरीत थांबवून घेतलं. बाहेर समोरची इमारतसुद्धा धड दिसत नव्हती. त्यांनी रात्रीचं सगळं ऐकलं होतं.

"मी आलो तेव्हा लोक विचारायचे, कहाँ से हो," ते म्हणाले. "महाराष्ट्र म्हटलं की संपायचं. कुणी मराठा समजायचं, कुणी मद्रासी. दिल्लीत जात नाही असं नाही हं, भरपूर आहे. पण माझी त्यांना ओळखता यायची नाही. तुझी सासू म्हणायची, आपण इथे झाडासारखे उभे आहोत, कुणी नाव विचारत नाही. मी पळून आलो नव्हतो, बेटा, नोकरीला आलो होतो. पण पळून आल्याचं सुख मिळालं, हेही खरं."

"मग जाऊ नये असं म्हणता?"

"तसं कुठे म्हणालो? मला भीती वाटते, एवढंच सांगतोय. तुला वाटते ती वेडेपणाची नाही, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं."

महिना संपत आला तरी अर्ज घरी प्रफुल्लच्या टेबलावरच होता. तो समताला विचारत नव्हता आणि तीही विषय काढत नव्हती. रोज सकाळी उठल्यावर ती आधी मोबाइलवर हवेचा आकडा बघायची, मग लेकीच्या खोलीत जाऊन श्वास घेताना तिच्या गळ्याखालची खळी आत ओढली जाते का ते बघायची. चहा त्यानंतर.

एका दुपारी क्लिनिकमध्ये ती एका आजोबांचा खांदा फिरवत असताना शामरावांचा फोन आला. ते घाईत बोलत नव्हते, आणि म्हणूनच ती घाबरली. लुंबिनीला श्वास पुरत नव्हता, बोलताना शब्द तुटत होते. प्रफुल्ल मीटिंगमध्ये होता, फोन उचलत नव्हता. समता ॲप्रन न काढताच जिना उतरली. समोर मिळाली ती रिक्षा पकडली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"तिला झोपवू नका, बाबा. बसवा. पुढे वाकवून, उशीवर हात टेकवून."

"बसवलंय."

"नेब्युलायझर लावा. निळी कुपी. मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे."

"माझे हात थरथरतात, समता."

"थरथरू देत. धरून ठेवा."

मशीनचा घर्र आवाज तिला फोनमधून ऐकू येऊ लागला. धौला कुआँला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि धुरक्यात पुढचे लाल दिवे तेवढे दिसत होते. रिक्षावाल्याला तिने गल्लीतून घे म्हणून विनवलं, तो म्हणाला, मॅडम, उडून जाऊ का. दहा वर्षं ती पेशंटना श्वास कसा घ्यायचा ते शिकवत आली होती आणि आता तिचा स्वतःचाच श्वास वर वर चालला होता. मशीन थांबलं. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा?"

"ओठ जरा बरे दिसतात," शामराव म्हणाले. "खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गाडी काढलीय. आम्ही हॉस्पिटलला निघतो. तू सरळ तिकडेच ये."

ती पोहोचली तेव्हा लुंबिनीला ऑक्सिजन लावला होता आणि शामराव खुर्चीवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून बसले होते. दोन दिवसांनी मुलीला घरी सोडलं. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही. पुढचा हिवाळा याहून सोपा नसेल, इतकंच ते म्हणाले, आणि ते समताला आधीच माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिने टेबलावरचा अर्ज उचलून प्रफुल्लच्या हातात दिला. "पुणे लिही," ती म्हणाली. "आणि घर मी शोधते. माझ्या पद्धतीने."

"म्हणजे?"

"तिला श्वास तर घेता आला पाहिजे. बाकीच्याशी भांडता येतं."

तिची पद्धत साधी होती. घरमालकाला फोन लावायचा, नाव सांगायचं, आडनाव सांगायचं आणि पुढच्याच वाक्यात सांगायचं की आम्ही बौद्ध आहोत, चालत नसेल तर आत्ताच सांगा, व्हिडिओ कॉल करून माझ्या मुलीला खोली दाखवू नका. पहिल्या फोनच्या वेळी तिचा आवाज इतका कापला की पलीकडच्या माणसाला तिला दोनदा सांगावं लागलं. एकाने फोन ठेवला. एक बाई दुखावल्या, आम्ही असलं काही मानत नाही हो, म्हणाल्या, पण पुन्हा त्यांनी फोन घेतला नाही. एकाने शाकाहाराची अट घातली आणि ती कोणासाठी होती, हे याही वेळी तिला कळलं नाही. प्रफुल्ल शेजारी बसून ऐकायचा. आधी तो अवघडायचा, मग एकेका फोननंतर पुढचा नंबर तोच काढून देऊ लागला. एका रात्री तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं तू वाढवून सांगतेस."

डिसेंबरात गुणवंत नावाच्या एका निवृत्त गृहस्थांना फोन लागला. तिने आपलं वाक्य म्हटलं. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यांनी कमी केला.

"बरं," ते म्हणाले. "पण पाणी सकाळी एकदाच येतं, टाकी भरून ठेवावी लागते. ते चालेल का? मागचे भाडेकरू त्यावरूनच भांडून गेले."

समताने टाकी केवढी आहे ते विचारलं.

बदलीचा हुकूम जानेवारीत आला. शामरावांनी आपणही येतो म्हणून आपणहून सांगितलं. एकटं राहायची हौस या वयात नाही, म्हणाले, पण नव्या शेजाऱ्यांशी तुम्हीच आधी बोला. फेब्रुवारीत हवा थोडी निवळली, तेव्हा समता लेकीला कॉलनीतल्या बागेत घेऊन गेली आणि बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. आजोबा इथे का रमले, रुचिराचं घर का मिळालं नसेल, आई फोनवर ते वाक्य का म्हणते. सांगताना तिला सारखं वाटत होतं की आपण या पोरीच्या दप्तरात एक दगड ठेवतोय. पण तो तिला दुसऱ्या कुणाच्या हातून ठेवला जाऊ द्यायचा नव्हता.

लुंबिनीने पाय हलवत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो मी पण स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाकू? म्हणजे टेन्शन खतम."

"तुला वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको सांगू."

"आणि कोणी हसलं तर?"

"तर घरी येऊन मला सांग. ते मात्र सांगायचंच."

हे उत्तर बरोबर होतं की नाही, हे समताला तेव्हाही कळलं नाही आणि मार्चमध्ये ट्रकमध्ये सामान चढत असतानाही नाही. लुंबिनी बाकावरून उठली आणि झोपाळ्याकडे पळत गेली. समता तिचं पळणं ऐकत राहिली. श्वास थोडा लागत होता, पण छातीत शिट्टी वाजत नव्हती.