सहा विजा आणि काकूंची कासवं

नियम दुसरा

मंडळी, कामाची जागा कोणतीही असो, भिंतीवर एक कागद असतोच आणि तो कुणालाच आवडत नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या छोट्या कारखान्यात तो जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला चिकटवलेला होता.

१. गड्डी चाळीस पत्त्यांची.
२. एकाच चित्राचे पत्ते फार तर दोन.
३. जो हरेल तो टेबल पुसेल.

हे नियम जेवणाच्या सुट्टीतल्या खेळाचे. बंद पाकिटांतून चित्रांचे पत्ते निघतात. ते जमवायचे, त्यांतून स्वतःची गड्डी बांधायची आणि समोरच्याचे वीस प्राण संपवायचे. चित्रं शेकडो, त्यामुळे सहा जणांच्या सहा तऱ्हा. ड्रायव्हरचे लांडगे. पॅकिंगमधल्या दोघी बहिणींपैकी थोरलीची भुतं, धाकटीचे वैद्य. मुकादमाकडे नुसते राजे. आणि पॉलिशवाल्या काकूंकडे नाना जातींची कासवं.

अकरा वर्षं काकू आपल्या यंत्रापाशीच, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. कासवांच्या नादाने त्या टेबलावर आल्या. बोलायला लागल्या. चक्क टोमणेसुद्धा मारायला लागल्या!

आपली गोष्ट आहे काडीदादाची. चष्म्याला काड्या बसवणारा, म्हणून काडीदादा. काम शिकला तो काकूंच्याच हाताखाली. त्याच्याकडे 'वीज' नावाचा पत्ता होता. एक वीज टाकली की समोरच्याचे पाच प्राण खलास. अशा त्याच्याकडे सहा विजा! पण गड्डीत घालता यायच्या दोनच. उरलेल्या चार खिशात कुजत पडलेल्या.

एके दिवशी कासवांनी त्याला तेविसाव्या फेरीत, पार रडकुंडीला आणून हरवलं.

"पूस रे टेबल," काकू म्हणाल्या. "आणि कोपरे राहतात तुझे."

सगळे खो खो हसले. काडीदादाचं पित्त खवळलं.

"हा दुसरा नियम काढला कुणी? पत्ते मी जमवले. माझी गड्डी, माझी मर्जी! ज्याला जे हवं ते घालू दे ना!"

"खरंच की," ड्रायव्हर म्हणाला. "आपल्याला कोण अडवणार?"

पाच हात वर गेले. काकूंचा गेला नाही.

"बघ हं," त्या एवढंच म्हणाल्या.

काडीदादाने काचेवर खुणा करायचा पेन उचलला आणि दुसऱ्या नियमावर जाड रेघ ओढली.

नियम दुसरा, खोडलेला

पहिला आठवडा. काडीदादा राजा! चार विजा हातात आल्या की डाव संपला. कासवं डोकं बाहेर काढेपर्यंत गारद.

दुसरा आठवडा. कोपऱ्यावरच्या दुकानात पत्त्यांची अदलाबदल चालायची. तिथे एकेक जण गुपचूप जाऊन आला.

तिसरा आठवडा. काकूंची खुर्ची रिकामी. त्या यंत्रापाशी, भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. काडीदादाने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चौथा आठवडा. महिन्याचा सामना. रीत अशी की त्याआधी सगळ्यांनी आपापली गड्डी टेबलावर उघडी मांडायची.

ड्रायव्हर. सहा विजा.

थोरली. सहा विजा.

धाकटी. सहा विजा.

मुकादम. आठ! (मुकादम तो मुकादमच.)

काडीदादा. सहा विजा.

बाकीचे पत्तेही तेच, त्याच क्रमाने. लांडगे नाहीत, भुतं नाहीत, एकही वैद्य नाही.

"अगं, तुझी भुतं कुठे गेली?"

"तुझे लांडगे गेले तिकडेच."

"मग आता खेळायचं काय?" धाकटी म्हणाली. "ज्याचा डाव पहिला, तो जिंकणार. त्यापेक्षा नाणं उडवा ना!"

तेवढ्यात काकू आल्या. काडीदादाच्या जिवात जीव आला. कासवं येणार! काकूंनी खुर्ची ओढली, गड्डी मांडली.

सहा विजा.

काडीदादाचे डोळे पांढरे झाले. "काकू! कासवं?"

"दिली दुकानात. एका विजेला चार, अशी चोवीस."

"तुमची कासवं? अहो, पण का?"

"टेबलावर बसायचं होतं मला," काकू म्हणाल्या. "तुम्ही दुसरी वाटच ठेवली नाहीत."

काडीदादाने सहाही गड्ड्यांवरून नजर फिरवली. हे आपण केलं! मोकळीक मागितली, आणि सहा माणसांचं एकच माणूस झालं!

"मला वाटलं, नियम गेला की सगळे मोकळे होतील," तो कसाबसा म्हणाला.

"चाकावर काच घासायला शिकलास ना माझ्याकडे? पकड सैल केली की काच मोकळी होते का रे?"

"नाही काकू. उडते. फुटते."

"प्रत्येकाचा नंबर वेगळा घासता येतो, तो त्या पकडीमुळे. दोनच विजा घालायच्या म्हटल्यावर उरलेल्या जागी काय घालायचं, याचा विचार करावा लागतो. तिथेच माणूस दिसतो. तो नियम गेला आणि सगळ्यांना तुझीच गड्डी बांधावी लागली."

काडीदादाने बोटाने ती रेघ पुसून पाहिली. काचेवरून ती शाई सहज जाते. कागदावरून जाईना.

त्याने आपल्या चार विजा काढल्या. ड्रायव्हरने एक पुढे सरकवली. थोरलीने एक. अंगावरच्या एप्रनसकट काडीदादा दुकानाकडे धावला. कासवं एका खोक्यात धूळ खात पडली होती. चोवीसच्या चोवीस!

नियम दुसरा, पुन्हा

नवा कागद काडीदादाने स्वतःच्या हाताने लिहिला. मग तो काकूंसमोर बसला आणि एकोणतिसाव्या फेरीत सपशेल हरला.

मंडळी, नियमच नकोत असं कुणी ओरडू लागलं, तर त्याच्या खिशात किती विजा आहेत ते आधी बघा. आणि ओरडणारे आपणच असलो, तर आधी आपला खिसा उलटा करा. सगळ्यांवर सारखी मर्यादा असते, म्हणूनच कासवांनाही टेबलावर जागा मिळते.

काडीदादाने फडकं ओलं केलं. काकू बघत होत्या.

या वेळी त्याने कोपऱ्यांपासून सुरुवात केली.